कोयत्याचे वर्ष आणि शाळेचे वर्ष



वर्षावासाचे दिवस सरत आले. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन शेवटाकडे आले आहे, आणि याच दिवसांत परंडा तालुक्यातल्या गावोगावी, वस्त्यावस्त्यांवर मुकादमाच्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत. यंदा कुठल्या कारखान्याला जायचे, टोळी बैलगाडीची की ट्रॅक्टरची, उचल किती, मागची फिटली की नाही, हेच बोलणे रात्री ओट्यावर चालते. या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न अगदी शेवटी निघतो आणि कैक घरांत तर निघतच नाही. तो म्हणजे, लेकरांचे काय करायचे?

आज आम्ही तो शेवटचा प्रश्न पहिला घेणार आहोत. आपल्यापैकी पुष्कळ आईबापांची अशी समजूत आहे की, शाळा म्हणजे पाटी, पुस्तक आणि पाढे. चार-पाच महिने बुडाले तर दोन-चार धडे बुडतील, उन्हाळ्यात परत आल्यावर भरून काढू. ही समजूत किती महागात पडते हे कळायचे असेल, तर आपल्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत वर्षभर काय काय चालते, ते एकदा महिन्यामागून महिना असे पाहिले पाहिजे.

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. दाराला आंब्याच्या डहाळ्याचे तोरण लागते, पहिलीत आलेल्या लेकरांना फूल देतात, कुठे कुठे बैलगाडीतून नाहीतर ट्रॅक्टरमधून त्यांची मिरवणूक निघते. नवी पुस्तके फुकट मिळतात. त्या दिवशी आपली माणसे बहुधा गावातच असतात, कारण पाऊस तोंडावर असतो आणि पेरणीची कामे असतात. म्हणून हा दिवस आपल्या लेकरांना मिळतो. जुलैत आषाढी पौर्णिमा येते, आपला वर्षावास सुरू होतो, आणि शाळेत झाडे लावण्याचा कार्यक्रम होतो. झाड लावताना गुरुजी एकेका लेकराला एकेक रोप वाटून देतात आणि सांगतात, याला वर्षभर पाणी घालायचे. पुढे फेब्रुवारी-मार्चात त्या रोपाला पाण्याची खरी गरज लागते, तेव्हा ते लेकरू कुठे असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

ऑगस्टात प्रभातफेरी, झेंडावंदन, लेझीम. सप्टेंबरात ५ तारखेला शिक्षक दिन. त्या दिवशी चौथी-पाचवीची मुले गुरुजी-बाई होऊन खालच्या वर्गांना शिकवतात. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी आपला भाग निझामाच्या राज्यातून सुटला. शाळेत त्या दिवशी पुन्हा झेंडा लागतो आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या रझाकाराच्या गोष्टी निघतात. येथवर शाळेचे वर्ष आणि आपले वर्ष बरोबर चालते. पुढे दोन्हींची फारकत होते.

दसरा होतो. आपण धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतो. शाळेत पहिल्या सत्राची परीक्षा होते, दिवाळीची सुटी लागते आणि सुटी संपून शाळेची घंटा वाजते, तोवर निम्म्या वस्तीला कुलपे लागलेली असतात. गावात म्हातारी माणसे, दारात बसलेली कुत्री आणि वर्गात रिकाम्या बसकरपट्ट्या उरतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पोचलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यामागे उसाच्या फडात एक-दोन लेकरे. मोठी मुलगी असेल तर ती कोपीवर राहून भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. हजेरीपुस्तकात तिचे नाव असते. फडात तिला कुणी मजूर म्हणून मोजत नाही आणि शाळेत ती दिसत नाही.

आता या लेकरांचे काय काय हुकते, ते क्रमाने पाहा.

पहिला दिवस हुकतो तो ७ नोव्हेंबरचा. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, राजवाडा चौकातल्या त्या इमारतीत, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव पहिली इंग्रजीच्या वर्गात घातले गेले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ते नाव आजही पाहायला मिळते. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरवले. त्या शाळेत बाबासाहेबांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर शिपाई येऊन वरून पाणी ओतेपर्यंत वाट पाहावी लागे, शिपाई नसला तर पाणी नाही. हे सगळे सोसून ते शाळेत गेले, कारण सुभेदार रामजींनी शाळा सोडू दिली नाही. या गोष्टी ज्या दिवशी शाळेत सांगितल्या जातात, त्या आठवड्यात आपली लेकरे ट्रकच्या टपावर सामानात बसलेली असतात.

दुसरा दिवस २६ नोव्हेंबरचा, संविधान दिन. सगळी शाळा उद्देशिका मोठ्याने म्हणते. आपल्या घरातले लेकरू पुढे उभे राहून ती म्हणून दाखवते, तेव्हा गावातल्या सगळ्या जातींची मुले त्याच्यामागून म्हणतात. ही गोष्ट लहान नव्हे. मग ६ डिसेंबर येतो. मग ३ जानेवारी, सावित्रीमाईंची जयंती. मुली लुगडी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून सावित्रीमाई होतात. पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, फातिमा शेख त्यांच्या सोबत होत्या, आणि त्या दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, हे मुलींना त्या दिवशी कळते. शासनानेही १९९२ साली दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी हजेरीमागे दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला. तीस वर्षे उलटल्यावरही तो रुपया रुपयाच राहिला, ही वेगळी गोष्ट. पण ज्या मुलीची हजेरीच नाही, तिला तो रुपयाही नाही.

जानेवारीत क्रीडा स्पर्धा होतात. आधी केंद्राच्या पातळीवर, मग तालुक्याला. खो-खो, कबड्डी, धावणे. आपली मुले धावण्यात मागे नाहीत. पण जिला सगळी शाळा धावण्यात पहिली म्हणून ओळखते, ती मुलगी स्पर्धेच्या दिवशी दोनशे मैलांवर वाढ्याची मोळी डोक्यावर घेऊन चालत असते. २६ जानेवारीच्या आगेमागे स्नेहसंमेलन, म्हणजे आपल्या भाषेत गॅदरिंग. महिनाभर आधीपासून नाच, नाटिका, गाणी बसवतात. गुरुजी कोणाला पात्र देतात? जो रोज हजर असतो त्याला. जो दिवाळीला जाणार हे ठाऊक आहे, त्याला कोण घेणार? पुढे व्हॉट्सॲपवर गॅदरिंगचे फोटो येतात. फडातल्या कोपीत, बापाच्या मोबाईलवर ते लेकरू आपल्या वर्गमित्रांना रंगमंचावर पाहते. आम्हाला हे एका आईने सांगितले, आणि सांगताना तिने पदर डोळ्याला लावला.

याच दिवसांत सहल निघते. आपल्या गावाजवळच काय थोडे आहे? परंड्याचा भुईकोट किल्ला आहे. भोवती खंदक, दुहेरी तटबंदी. विजापूरला जी मलिक-ए-मैदान नावाची प्रचंड तोफ आहे, ती १६३२ साली याच परंड्याहून तिकडे नेली गेली. तेर आहे. प्राचीन काळी व्यापारासाठी नावाजलेले तगर नगर ते हेच. तेथील उत्खननात सातवाहन काळातल्या विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या मातीत दोन हजार वर्षांमागे बुद्धाला वंदन करणारी माणसे होती, हे लेकरांना डोळ्यांनी पाहता येते. आणि तिथून जवळच कसबे तडवळे आहे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे महार-मांग परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले आणि त्यांचा मुक्काम होता तो गावच्या शाळेत. आमची सर्व शाळांच्या गुरुजनांना विनंती आहे की, सहल काढाल तेव्हा तेर आणि कसबे तडवळे ही दोन्ही गावे घ्यावीत. पण त्या गाडीत आपली लेकरे असतील तर या सांगण्याला अर्थ.

दुसऱ्या सत्रातच शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास चालतात. पाचवीतल्या मुलांची नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा हिवाळ्यात येते. आपल्या जिल्ह्याचे नवोदय तुळजापूरला आहे. सहावीपासून राहणे, जेवण, शिक्षण, पुस्तके सारे सरकारी खर्चाने, आणि किमान ७५ टक्के जागा खेड्यांतल्या मुलांसाठी. आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्या घरांसाठी हे एक मोठे दार आहे. अर्ज भरायची मुदत संपली आणि आईबाप फडात, किंवा अर्ज भरला आणि परीक्षेच्या दिवशी मुलगा परजिल्ह्यात, असे झाले तर कोणाला बोल लावायचा?

मार्च-एप्रिलात पट्टा पडतो, टोळ्या परत येतात. १४ एप्रिलला जयंतीचा निळा झेंडा आपण मोठ्या हौसेने लावतो. एप्रिलअखेर परीक्षा, १ मेला निकाल. लेकरू वरच्या वर्गात जाते. वरच्या वर्गात गेले म्हणून बापाला वाटते की काही बुडाले नाही. पण चौथीतल्या त्या मुलाला वजाबाकीचा हातचा येत नाही आणि जोडाक्षर वाचता येत नाही, हे पाचवीत उघडे पडते. मग त्याला वर्गात लाज वाटू लागते. लाज वाटली की शाळा नकोशी होते, आणि सातवी-आठवीत मुलगा कोयता धरतो, मुलीचे हात पिवळे होतात. साखळी अशी असते. तिची पहिली कडी तिसरी-चौथीतल्या त्या पाच महिन्यांत असते.

बाबासाहेबांनी ही साखळी शंभर वर्षांमागे ओळखली होती. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडा मांडला की, प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा होतात. त्यांचा मुद्दा असा होता की, शाळेत नाव घालणे म्हणजे शिक्षण नव्हे, मूल टिकले पाहिजे. आज आपल्या जवळजवळ सर्व लेकरांची नावे शाळेत आहेत. तेव्हा लढाई नाव घालण्याची होती, आता टिकवण्याची आहे.

आपल्याला हा हक्क किती उशिरा मिळाला, तेही ध्यानात ठेवावे. महात्मा फुले पुण्यात ज्या शाळेत शिकले, ती स्कॉटिश मिशनची होती. त्या स्कॉटलंड देशात १८७२ साली कायदा होऊन पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. दहाच वर्षांनी, १८८२ साली, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून मागितले. इंग्रज सरकारने ते केले नाही. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. संविधानाच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे असे लिहिले गेले. दहाची पन्नास वर्षे झाली. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन तो मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. जोतीरावांच्या मागणीनंतर १२८ वर्षांनी! एवढ्या उशिरा हाती आलेली वस्तू आपण मुकादमाच्या उचलीपायी अर्धी टाकून द्यायची काय?

येथे कोणी म्हणेल, लेखात लिहिणे सोपे आहे, पोटाचे काय? आम्ही पोट विसरलेलो नाही. कोरडवाहू दोन एकर, तेही सगळ्यांना नाही, आणि गावात दिवाळीनंतर काम नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, परंडा तालुक्यात उभी पिके गेली, घरांत पाणी शिरले. असे वर्ष आले की उचल घेतल्याशिवाय गत्यंतर राहत नाही, हे आम्ही जाणतो. कारखान्याला जाऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. लेकरू नेऊ नका, एवढेच म्हणणे आहे.

मग ते ठेवायचे कुठे? पहिला आधार घरचाच. तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्हाला एक आजी भेटल्या. पोरगा-सून दोघे कारखान्याला, आणि तीन नातवंडे त्यांच्याजवळ. आम्ही विचारले, "आजी, होतं का तुमच्यानं?" त्या म्हणाल्या, "न व्हायला काय झालं? सकाळी भाकरी मी थापते, दुपारी शाळंत खिचडी खात्यात. सांच्याला पोरं विहारात अभ्यासाला बसत्यात, मी बाहेर वट्यावर बसते. मला अक्षर येत न्हाई, पर कोण वाचतंय अन् कोण गप्पा हाणतंय, ते कळतंय की." आम्हाला वाटते, गावोगावच्या विहारांनी या आजींकडून धडा घ्यावा. महिला मंडळाने पाळी लावून रोज संध्याकाळी दोन तास विहार उघडा ठेवावा, एखाद्या दहावी-बारावी झालेल्या मुलीने किंवा मुलाने शिकवावे, दिव्याचा खर्च मंडळाने करावा. वर्गणी काढून जयंतीला आपण स्पीकर लावतो, त्यातला एक दिवसाचा खर्च यात पुरतो.

दुसरा आधार हंगामी वसतिगृहाचा. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गावातच ही सोय करता येते. मुले गावात राहतात, सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते आणि शाळा चालू राहते. पण ही सोय मागितल्याशिवाय होत नाही. टोळी निघण्याआधी जाणाऱ्या घरांची आणि मुलांची यादी करून मुख्याध्यापकांकडे द्यावी, समितीच्या बैठकीत विषय मांडावा आणि ठराव लिहून घ्यावा. टोळी गेल्यावर मागणी कोण करणार? थोरल्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे त्या योजनेत धरली आहेत. समाजकल्याण खात्याच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

तिसरी गोष्ट, काही केल्या लेकरू न्यावेच लागले, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊनच निघावे. फडाजवळच्या गावातल्या शाळेत ते दाखवून मुलाला बसवावे. दाखला नाही, म्हणून कोणतीही सरकारी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे कायद्याच्या ९ व्या कलमाने स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. कारखान्यांवर काही काळ साखरशाळा चालल्या, त्यांतल्या बऱ्याच पुढे बंद पडल्या. म्हणून आता गावच्या शाळेचाच दरवाजा वाजवायचा. आणि आपल्या गावच्या गुरुजींना आठवड्यातून एक फोन करावा. "गुरुजी, पोरगं काय शिकतंय?" एवढे विचारले तरी गुरुजींना कळते की या मुलामागे कोणी आहे.

आता थोडे शाळेच्या कारभाराविषयी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत, असे कायदा सांगतो. अध्यक्षही पालकांतूनच होतो. पण समिती निवडली जाते त्या दिवशी आपली बाई खुरपायला गेलेली असते आणि नंतर सहीसाठी कागद घरी येतो. असे होऊ देऊ नये. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, त्या सभेला जावे. तिथे बसून दुपारच्या खिचडीकडेही लक्ष द्यावे. १९९५ साली ही योजना देशभर सुरू झाली तेव्हा मुलांना घरी न्यायला कोरडे धान्य मिळे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळतील असे जेवण ठरले आहे. २० एप्रिल २००४ च्या आदेशात तर न्यायालयाने सांगितले की, स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना प्राधान्य द्यावे. ज्या समाजातल्या मुलाला शाळेत पाणी वरून ओतले जाई, त्या समाजातल्या आईच्या हातची खिचडी आज सगळ्या गावाची लेकरे एका पंगतीत खाऊ शकतात, ती या आदेशाच्या बळावर. कुठे पंगत वेगळी बसत असेल, कुठे आपल्याच लेकरांना झाडलोटीला लावत असतील, तर समितीत उभे राहून शांतपणे विचारावे आणि नोंद करायला लावावी.

विचारणाऱ्या आईबापांनी काय होते, याचे एक उदाहरण त्याच स्कॉटलंडातले आहे. तिथल्या शाळांत चामड्याच्या पट्ट्याने मुलांना हातावर मारीत. कॅम्पबेल आणि कोझन्स या दोन आयांना ते मान्य नव्हते. त्या युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या, १९८२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९८७ पासून ब्रिटनच्या सरकारी शाळांतून छडी-पट्टा गेला. आपल्या कायद्याच्या १७ व्या कलमानेही मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना बंदी आहे. जातीवरून टोमणा मारणे हा मानसिक त्रासच होय.

गुरुजनांविषयी मात्र एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सगळे गुरुजी सारखे नसतात. आपल्या शेजारी, माढा तालुक्यात, परितेवाडी नावाची लहानशी वाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून मोबाईलवर धडा, कविता ऐकता येईल अशी युक्ती त्यांनी केली होती. दहा लाख डॉलरचे ते बक्षीस, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिले. हे लंडन-दिल्लीतल्या मोठ्या शाळेत घडले नाही, आपल्यासारख्याच वाडीच्या शाळेत घडले. तेव्हा सरकारी शाळेत काय ठेवले आहे, असे म्हणून इंग्रजी पाटी लावलेल्या शाळेच्या फीसाठी आणखी उचल घेऊ नये. चांगला गुरुजी गावात असेल तर त्याला धरून राहावे, त्याची बदली झाली तर त्याच्या निरोपाला जावे.

शाळेत मुले टिकवण्याचे आणखी एक कारण आहे. २०१७ साली राज्यात कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अशा चौदा हजारांहून जास्त शाळा मोजल्या गेल्या. वस्तीवरची शाळा गेली तर चौथीतली मुलगी दोन-तीन किलोमीटर ओढा ओलांडून चालत जाईल काय? आपण लेकरू नेतो तेव्हा पट कमी दिसतो, आणि पट कमी दिसला की शाळेवर गंडांतर येते. एकट्या आपल्या लेकराचा हा प्रश्न राहत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, दसऱ्याला आपण पांढरी वस्त्रे नेसून विहारात जमू, बावीस प्रतिज्ञा म्हणू. त्याच दिवशी एक काम करावे. वंदना झाल्यावर वहीचे एक पान घ्यावे. यंदा कोणकोणती घरे कारखान्याला जाणार, कोणाची किती लेकरे, कोण कोणत्या वर्गात, आणि कोणते लेकरू कोणाजवळ राहणार, हे सगळ्यांसमक्ष लिहून काढावे. ज्याला आजी-आजोबा नाहीत, त्याची सोय शेजाऱ्याने, मंडळाने बोलून ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती यादी मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी आणि त्यांची पोच घ्यावी. जाणाऱ्या आईबापांनी निघताना लेकराला सांगावे की, गॅदरिंगला आम्हाला येता आले नाही तरी तू नाचलास ते आम्हाला कळेल, आणि ७ नोव्हेंबरला तू हजर असलास हेही कळेल.

तुमच्या गावी अशी यादी झाली, विहारात अभ्यास सुरू झाला, तर आम्हाला जरूर कळवा. जे चांगले जमले ते इतर गावांना या पानावरून सांगू.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, नमो बुद्धाय.